हिटिंग कोच नेमकं करतो काय? चिली डेव्हिसचं करिअर बघून पडलेला प्रश्न

निवांत_एडिसनकर

मंडळी नमस्कार,

इथे क्रिकेटच्या धाग्यांवर पाय ठेवायला जागा नसते आणि बेसबॉलचं नाव काढलं की लोक 'ते विटीदांडूसारखं ना' म्हणून पुढे जातात, तरी काढतोच आहे धागा. न्यू जर्सीत राहून न्यू यॉर्क मेट्स या बेसबॉल टीमचा नाद लागलेला माणूस आहे मी, दुर्लक्ष आणि अपमान दोन्हीची सवय आहे.

परवा मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, हिटिंग कोच (म्हणजे आपला बॅटिंग कोच) ही बेसबॉलमधली सगळ्यात फुकट नोकरी. टीम मारत असेल तर प्लेअर भारी, मारत नसेल तर कोचच्या हातात नारळ. मी म्हटलं असं कसं, आणि चिली डेव्हिसचं उदाहरण काढलं. बोलत गेलो तसं लक्षात आलं की हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार्ल्स थिओडोर डेव्हिस, जन्म १९६० चा, किंग्स्टन, जमैका. हो, तेच किंग्स्टन. जमैकात जन्मून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सगळ्यात वरची बेसबॉल लीग) खेळलेला पहिला माणूस. लहानपणीच घरचे लॉस एंजेलिसला आले. १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) घेतला, तेही अकराव्या फेरीत, म्हणजे कोणाच्या फार अपेक्षा नव्हत्या. १९८१ मध्ये मेजर्समध्ये आला आणि १९ सीझन टिकला: जायंट्स, एंजल्स, ट्विन्स, परत एंजल्स, रॉयल्स, यँकीज. आउटफिल्डर, नंतर डीएच. दोन्ही हातांनी मारायचा, म्हणजे पिचर उजवा असेल तर हा डावीकडे उभा आणि पिचर डावा असेल तर उजवीकडे. २,३८० हिट्स (बॉल मारून बेसवर पोचणं), ३५० होमरन (बॉल थेट कुंपणाबाहेर, आपल्या सिक्ससारखा), तीन वर्ल्ड सीरिज म्हणजे लीगची विजेतेपदं (१९९१ ट्विन्सबरोबर, १९९८ आणि १९९९ यँकीजबरोबर).

त्यानंतर कोचिंग. २०११ ला पॉटकेट म्हणजे बोस्टन रेड सॉक्सची ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खालची) टीम, २०१२ ते १४ ओकलंड, २०१५ ते १७ बोस्टन, २०१८ शिकागो कब्ज, २०१९ पासून आमचे मेट्स. आणि मे २०२१ मध्ये, सीझन सुरू होऊन जेमतेम महिना झालेला, मेट्सने त्याला काढला.

तर प्रश्न असा की एवढं खेळलेला माणूस हिटरला नक्की काय देतो? की मित्र म्हणतो तेच खरं?

---

ठोंब्या

पहिला! 

नाव खरंच चिली? मिरची डेव्हिस? 😀

---

निवांत_एडिसनकर

@ठोंब्या टोपणनाव आहे. लहानपणी कोणीतरी डोक्यावर चिली (म्हणजे तिखट रस्सा) खायचा वाडगा ठेवून कापावेत तसे केस कापले, त्यावरून पोरांनी चिडवलं आणि ते जन्मभर चिकटलं.

---

ठोंब्या

म्हणजे आपल्याकडे असता तर 'वाटी' डेव्हिस झाला असता. असो, सीरियस लोकांनी पुढे चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

शेंगदाणा_चिक्की

अरे वा, चिली डेव्हिसवर मराठीत धागा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!! आम्ही बे एरियात आलो तेव्हा तो जायंट्समधून केव्हाच गेलेला, पण आमच्या ऑफिसात एक सीनियर बाई होत्या जायंट्सच्या पक्क्या, त्यांच्या तोंडून ऐंशीच्या दशकातल्या टीमच्या इतक्या कथा ऐकल्यात की वाटतं मीच बघितलंय सगळं.

तेव्हा ते कँडलस्टिक पार्कला खेळायचे. खाडीच्या काठावर, संध्याकाळ झाली की बोचरा वारा, जुलैत लोक ब्लँकेटं घेऊन मॅच बघायला जायचे. आउटफिल्डरला तिथे उंच बॉल पकडायचा म्हणजे शिक्षा, बॉल सुटतो एकीकडे आणि वारा नेतो भलतीकडे. अशा मैदानावर १९८४ ला या माणसाने .३१५ मारलेत आणि २१ होमरन, त्याच वर्षी पहिल्यांदा ऑलस्टार झाला (लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात घेतला). आणि मैदान त्याला आवडत नाही हे तो उघड बोलायचा.

---

आगाऊ_काकू

ही .३१५ काय भानगड आहे? आणि डीएच म्हणजे काय? आमच्यासारख्यांसाठी कोणीतरी सोपं करून सांगा की. जावई यँकीजचा भक्त आहे, मी नुसती मान डोलावते.

---

डेटा_दादा

काकू, .३१५ म्हणजे हजार संधीत ३१५ हिट्स. दहातल्या तीन वेळा जमलं की माणूस स्टार, सात वेळा आउट होऊनसुद्धा. वॉक मिळाला (चार वाईट बॉल पडले म्हणून फुकट बेस) तर तो यात धरत नाहीत.

डीएच म्हणजे डेझिग्नेटेड हिटर, फक्त बॅटिंग करणारा. पिचरच्या जागी बॅटिंग करतो, फिल्डिंगला येत नाही. अमेरिकन लीगमध्ये १९७३ पासून आहे, नॅशनल लीगने २०२२ मध्ये कायमचा घेतला.

डेव्हिस डीएच का झाला तेही मजेशीर आहे. १९८८ मध्ये एंजल्सकडून आउटफिल्डमध्ये त्याच्या नावावर १९ एरर (फिल्डिंगमधल्या चुका) लागले. आउटफिल्डरला १९ म्हणजे फारच. आणि गंमत अशी की त्याच आउटफिल्डमध्ये शेजारी सेंटरला डेव्हॉन व्हाइट उभा असायचा, तोही किंग्स्टनचाच जन्म! व्हाइटने पुढे सात गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) मिळवले. एका गावचे दोघे, एकाच्या हातून बॉल सुटत नाही आणि दुसऱ्याच्या हातात थांबत नाही.

---

कांगालीगवाला

किंग्स्टनमधून दोन आउटफिल्डर अमेरिकेने नेले. तेवढ्यावर भागलं म्हणायचं, होल्डिंग आणि वॉल्श तरी सोडले. सबाइना पार्कवर १९७६ ला आपली काय हालत झाली होती ते रेडिओवर ऐकलंय आम्ही. दुसऱ्या डावात पाच जण आउट आणि बाकीचे जखमी, बॅटिंगला यायला माणूसच उरला नाही.

बेसबॉल मला कळत नाही पण प्रश्न कळला. बॅटिंग कोचचं असंच असतं हो. मुंबईत नेटच्या मागे छत्री घेऊन उभे असलेले सर आम्ही बघितलेत, अर्धा तास बोलायचे नाहीत आणि मग एकच वाक्य, 'डोकं पडतंय.' बस. तेवढ्यावर पोरगा सुधारायचा. आता हे त्यांनी केलं की पोराने केलं?

---

बोस्टनचा_बाळ्या

आला का डेव्हिसचा धागा! दोन गोष्टी सांगतो.

पहिली, १० सप्टेंबर १९९९, यँकी स्टेडियम. आमचा पेड्रो मार्टिनेझ समोर. त्या रात्री पिचर पेड्रोने १७ स्ट्राइकआउट घेतले (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट), एकही वॉक नाही, आख्ख्या यँकीज टीमला मिळून एक हिट. एक! आणि ती एक हिट म्हणजे होमरन, मारणारा चिली डेव्हिस, वय वर्षं ३९. दुसऱ्या इनिंगमध्ये मारला. आम्ही ३-१ जिंकलो म्हणा, पण त्या रात्री पेड्रोपुढे जीटर बिटर सगळे नुसते येऊन जात होते आणि हा म्हातारा एकटाच बॉल कुंपणाबाहेर पाठवतो. महिन्या-दीड महिन्यात वर्ल्ड सीरिज जिंकला आणि रिटायर झाला. अशा माणसाला हिटिंगमधलं कळत नाही असं कोणी म्हणू नये.

दुसरी गोष्ट मात्र उलटी आहे. तो आमच्याकडे कोच असताना २०१६ ला रेड सॉक्सने ८७८ रन्स केल्या, मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त. मूकी बेट्स .३१८ आणि ३१ होमरन. डेव्हिड ऑर्टिझ चाळिशीत, शेवटचं वर्ष, ३८ होमरन. सगळे म्हणाले वा काय कोच आहे. पुढच्या वर्षी ऑर्टिझ रिटायर, तोच कोच, बाकी बरीचशी तीच पोरं, आणि १६८ होमरन, अमेरिकन लीगमध्ये शेवटून पहिले! बेट्स .२६४ वर. २०१८ ला नवीन हिटिंग कोच आला, जे. डी. मार्टिनेझ आला, बेट्स .३४६ आणि एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) आणि आम्ही वर्ल्ड सीरिज जिंकलो.

आता सांगा, २०१६ चं श्रेय डेव्हिसला द्यायचं की ऑर्टिझला? आणि २०१७ चा दोष?

---

डेटा_दादा

@बाळ्या, दोन्ही अर्धं अर्धं 😀

पण जे. डी. मार्टिनेझचं नाव काढलंस ते बरं केलंस, कारण या धाग्याचं खरं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं. २०१४ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनने त्याला सोडून दिला होता. तोही आउटफिल्डर. का सोडला, तर मारता येत नाही म्हणून. त्याआधीच्या हिवाळ्यात त्याने स्वतःचा स्विंग पूर्ण मोडून नव्याने बांधला होता, तो कोणाकडे, तर क्रेग वॉलनब्रॉक आणि रॉबर्ट व्हॅन स्कॉयक. यातला व्हॅन स्कॉयक कधी प्रोफेशनल खेळलेलाच नाही! आणि पुढे तो डॉजर्सचा हिटिंग कोच झाला.

म्हणजे २०१५ च्या आसपास सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट आलं, बॉल किती वेगाने बॅटवरून सुटला, किती अंशात वर गेला, सगळं मोजायला लागले आणि हिटिंग कोच नावाच्या माणसाचं कामच बदललं. आधी तो काय होता? खेळून आलेला मोठा भाऊ. पाठीवर हात ठेवणारा, 'आज हा पिचर दुसरा बॉल बाहेर टाकणार बघ' असं कानात सांगणारा. आता पोरगा आयपॅड घेऊन विचारतो की माझ्या बॅटचा मार्ग झोनमध्ये किती वेळ राहतो. डेव्हिस पहिल्या जातीचा होता. मधल्या मैदानाकडे मारा, उलट्या बाजूला मारा, परिस्थिती बघून खेळा, स्ट्राइकआउट टाळा. त्यात चूक काहीच नाही, पण सगळी लीग बॉल उचलायला शिकत असताना हा लाइन ड्राइव्ह (जमिनीला जवळजवळ समांतर जाणारा फटका) शिकवत होता.

---

शिकागोची_शमा

डेटा_दादा, हे आमच्याकडे २०१८ मध्ये प्रत्यक्ष घडलंय. कब्जने आधीचा कोच काढून डेव्हिसला आणलं तेच मुळी यासाठी की पोरं फार उचलून मारतात आणि स्ट्राइकआउट होतात, जरा काँटॅक्ट वाढवा. पहिला अर्धा सीझन झकास. हावी बाएझने त्या वर्षी ३४ होमरन मारले, १११ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या रन) केले, एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आला. आणि मग सप्टेंबर उजाडला आणि टीमचं मारणंच आटलं. ९५ मॅच जिंकूनसुद्धा ब्रूअर्सबरोबर (तेही ९५ वर) पहिल्या नंबरासाठी टायब्रेकर खेळायची वेळ आली, ती ३-१ हरलो, दुसऱ्या दिवशी वाइल्डकार्डची (हरलेला थेट घरी, अशी एकच) मॅच रॉकीजशी, १३ इनिंग चालली आणि आम्ही किती रन काढल्या? एक. २-१ हरून घरी. मी रात्री उशिरापर्यंत जागून बघितली, दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मग डेव्हिसला काढलं, एका वर्षात. त्यानंतर त्याने मुलाखतीत जे सांगितलं ते मला प्रामाणिक वाटलं, की आत्ताच्या पिढीच्या मुलांपर्यंत गोष्ट पोचवायची माझी पद्धत बदलावी लागेल. लोकांनी त्यावरून त्याची टर उडवली, म्हातारा पोरांवर खापर फोडतो म्हणून. मला नाही तसं वाटलं. आणि एक विसरू नका, आमचा मुख्य हिटर क्रिस ब्रायंटचा खांदा दुखावलेला होता त्या वर्षी. खांदा गेलेल्या माणसाला कोच काय शिकवणार, पॉवर कुठून आणू?

---

तिरळा_पंच

म्हणजे क्लासवाल्या सरांसारखं आहे. पोरगा बोर्डात आला तर पोरगा हुशार, नापास झाला तर क्लास बदला.

---

आगाऊ_काकू

पंच +१ 😂 आमच्या सोसायटीत हेच चालतं.

---

सिंपल_सई

अवांतर होतंय पण विचारते. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, लिटल लीग खेळतो (टेक्सासला आहोत). इथे सगळ्या पालकांनी प्रायव्हेट हिटिंग कोच लावलेत, दर आठवड्याला केजमध्ये (जाळीच्या नेटमध्ये) लेसन. आम्हीही लावला होता. त्या माणसाने आल्या आल्या मुलाच्या बॅटला एक सेन्सर लावला आणि आम्हाला फोनवर आलेख दाखवायला लागला. मुलगा आधी मजेत मारायचा तो आता प्लेटवर उभा राहिला की पायाकडे बघतो. बॉल सोडून! डेव्हिससारखा 'मोठा भाऊ' टाइप कोच परवडला असं वाटायला लागलंय. नऊ वर्षांच्या मुलाला लॉन्च अँगल (बॉल किती अंशात वर गेला ते) कशाला हवा?

---

निवांत_एडिसनकर

सईताई, अवांतर अजिबात नाही. मी इथे आमच्या गावच्या लीगला मदतीला जातो, कोच नाही, बॉलची बादली उचलणारा बाबा. तिथे एक आजोबा येतात, कॉलेजात खेळलेले. पोराला टीवर (बॉल ठेवायच्या दांडीवर) बॉल ठेवून देतात आणि पाच-सहा फुटांवर बाजूला एका उलट्या बादलीवर बसतात. पोराने मारलं की काही बोलत नाहीत, बॉल जाळ्यात कुठे लागला तिकडे बोट दाखवतात. पोरगा स्वतःच म्हणतो, 'खांदा लवकर उघडला.' परत टी, परत बोट. मग टी काढून समोर जाळीच्या आडोशाला बसून खालून बॉल टाकतात, आणि मध्येच एक हळू टाकतात. जो पोरगा आधीच निघाला तो तोंडावर पडतो, सगळे हसतात, तोही हसतो. वजन मागे ठेवायचं म्हणजे काय ते त्याला कळलेलं असतं, 'वजन' हा शब्द न काढता.

मेजर लीगचा कोचही मॅचच्या आधी हेच करतो बरं का. दुपारीच केजमध्ये टी, फ्लिप्स (जवळून खालून टाकलेले बॉल), मशीन, मग मैदानावर चाकाच्या पिंजऱ्यामागे दांडीला टेकून उभं राहायचं आणि बघायचं. फरक एवढाच की संध्याकाळी समोरचा ताशी ९५ मैलांनी टाकणार असतो आणि हिटरकडे सगळं मिळून ०.४ सेकंद असतात. त्यात विचार बसत नाही. जे काही शिकवायचं ते दुपारीच.

---

कांगालीगवाला

उलट्या बादलीवरचे आजोबा आवडले.

---

ठोंब्या

०.४ सेकंदात माझा फोनसुद्धा अनलॉक होत नाही.

---

हिरवट_म्हातारा

सगळं वाचलं. माझं मत स्पष्ट आहे, मोठा प्लेअर चांगला कोच होत नाही. पुरावा: बॅरी बॉण्ड्स. ७६२ होमरन, मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त. २०१६ ला मायामी मार्लिन्सचा हिटिंग कोच झाला. किती टिकला? एक सीझन. आणि उलट केव्हिन लाँग बघा. रॉयल्सच्या मायनर्समध्ये (खालच्या लीगमध्ये) आउटफिल्डर होता, मेजर लीगचं तोंड पाहिलं नाही. यँकीजचा हिटिंग कोच झाला, मग मेट्स, मग नॅशनल्स, मग फिलीज. २००९ ला यँकीजबरोबर वर्ल्ड सीरिज, २०१९ ला नॅशनल्सबरोबर. ज्याला स्वतःला आपोआप जमतं त्याला दुसऱ्याला का जमत नाही हे समजतच नाही. विषय संपला.

---

बोस्टनचा_बाळ्या

काका विषय संपला म्हटल्यावर तो सुरू होतो इथे 😀

डेव्हिसला आपोआप जमत होतं हे कोणी सांगितलं? अकराव्या फेरीचा माणूस. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूचे स्विंग आयुष्यभर सांभाळले. तिशीत आउटफिल्ड सुटलं आणि फक्त बॅटवर पोट भरायची वेळ आली. १९९७ ला रॉयल्सकडून ३० होमरन, करिअरमधले सगळ्यात जास्त, तेव्हा वय ३७! तरुणपणी न जमलेलं ३७ ला जमवणारा माणूस काहीतरी शिकत गेलाच असणार ना. बॉण्ड्सची आणि त्याची तुलनाच होत नाही.

---

शेंगदाणा_चिक्की

बाळ्याला अनुमोदन. डीएच होणं हेसुद्धा एक शिक्षण आहे. आउटफिल्डर वाईट स्ट्राइकआउट झाला तरी पुढच्या इनिंगला मैदानात जाऊन एखादा कॅच घेतो, डोकं दुसरीकडे जातं. डीएच चाळीस मिनिटं डगआउटमध्ये बसून त्याच स्ट्राइकआउटचा विचार करतो. ते निभावायचं तंत्र ज्याला सापडलं तो पुढे कोच म्हणून त्या अवस्थेतल्या पोराशी बोलू शकतो.

१९९१ ची वर्ल्ड सीरिज बघा. ट्विन्सचा तो मुख्य डीएच, त्या सीझनला २९ होमरन. पण समोरची अटलांटा नॅशनल लीगची, म्हणून अटलांटातल्या मॅचेसना डीएच नाही, त्यामुळे हा बेंचवर! तिसऱ्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला पिंच हिटर (ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी मारायला) म्हणून उठवला, थंड अंगाने, आणि त्याने दोन रनचा होमरन मारून ४-४ बरोबरी केली. मॅच १२ इनिंगनंतर हरले ते वेगळं. पण तासन्‌तास बसून उठून मारायचं, हे आयपॅडवर शिकवता येणार नाही.

---

हिरवट_म्हातारा

भावना पोचल्या. आकडे आणा.

---

डेटा_दादा

आकडेच आणायचे तर दोन्हीकडचे आणावे लागतील काका. मोठ्या प्लेअरने चांगला कोच व्हायला हरकत नसते, लहानाने व्हायलाही नसते. चार्ली लाउ बघा. कॅचर होता, करिअरची सरासरी .२५५. म्हणजे सुमार. पण जॉर्ज ब्रेटला घडवलं ते त्याने, ब्रेट स्वतः कायम सांगत आला. ब्रेटने १९८० मध्ये .३९० मारले तेव्हा लाउ रॉयल्समध्ये नव्हतासुद्धा, तरी नाव त्याचंच निघायचं. कोचचं श्रेय कुठल्या वर्षाच्या खात्यात टाकायचं हाच तर गोंधळ आहे.

ओकलंडला डेव्हिस होता तेव्हा जॉश डोनाल्डसनसारखा कॅचरचा थर्ड बेसमन झालेला पोरगा २०१३ ला .३०१ आणि २४ होमरन मारून गेला. टीमने २०१२ आणि २०१३ लागोपाठ डिव्हिजन जिंकली, पैसे नसताना. पुढे डोनाल्डसन टोरोंटोला एमव्हीपी झाला. त्यात डेव्हिसचा वाटा किती? कुठल्याच कॉलममध्ये सापडत नाही, म्हणून नाहीच असं म्हणायचं का?

---

कांगालीगवाला

हिरवट काका, आपल्या अमोल मुझुमदारचं घ्या. रणजीत डोंगराएवढ्या रन्स केल्या, सचिन-कांबळीच्या ६६४ च्या वेळी पॅड बांधून बसून राहिला, भारताकडून एक मॅच मिळाली नाही. आणि नोव्हेंबर २०२५ ला डीवाय पाटीलवर मुलींनी वर्ल्डकप उचलला तेव्हा कोच तोच. तुमच्या लाँगच्या बाजूने एक पॉइंट घ्या माझ्याकडून.

---

आगाऊ_काकू

त्या रात्री आमच्या मजल्यावर कोणी झोपलं नाही. हरमनने तो कॅच घेतला तेव्हा मी रिमोट फेकला होता.

---

तिरळा_पंच

काकू, एरर.

---

शिकागोची_शमा

😂😂

एक विचारायचं होतं, मेट्सने त्याला काढलं तेव्हा नक्की झालं काय होतं? लिंडोरचं काहीतरी होतं ना?

---

निवांत_एडिसनकर

आमची दुखरी नस. ऐका.

२०१९ ला तो आला तेव्हा पीट अलोन्सो रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) होता, ५३ होमरन मारले, रुकीचा रेकॉर्ड. ॲरन जजचे ५२ मागे टाकले. जेफ मॅकनील .३१८. २०२० ला कोविड, डेव्हिस साठीचा, तब्येतीचा धोका म्हणून तो टीमबरोबर आलाच नाही, घरून झूमवर कोचिंग! डगआउटमध्ये असिस्टंट टॉम स्लेटर. हिटिंग कोचला वर्क फ्रॉम होम. आणि त्या छोट्या सीझनमध्ये मेट्सने मारलंही छान, म्हणजे माझा मित्र म्हणाला 'बघ, कोच नसताना बरं चाललं.' बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

२०२१ ला नवीन मालक स्टीव्ह कोहेन, सीझनच्या तोंडावर क्लीव्हलँडकडून आणलेल्या फ्रान्सिस्को लिंडोरला दहा वर्षांचे ३४१ मिलियन डॉलर. एप्रिलभर लिंडोरची सरासरी .२०० च्या खाली. घरच्या मैदानावर बू. टीम रन काढेना. आणि तेवढ्यात अलोन्सोने सांगायला सुरुवात केली की आम्ही डॉनी नावाचा नवीन कोच आणलाय, फार भारी माणूस आहे, सगळ्यांचा ॲप्रोच बदलून टाकला. पत्रकार शोधायला लागले डॉनी कोण. तर असा माणूस नव्हताच! पोरांनी डोकं मोकळं व्हावं म्हणून काढलेली टूम होती. आणि ३ मेच्या रात्री मॅच झाल्यावर मॅनेजमेंटने खऱ्या डेव्हिसला आणि स्लेटरला काढलं. म्हणजे खोटा कोच राहिला आणि खरा गेला.

पोरांना ते लागलं, लिंडोर आणि अलोन्सो दोघंही उघडपणे नाराज होते. मॅनेजमेंटचं म्हणणं पडलं की महिनाभराच्या निकालांवरून नाही काढलं, तयारीची पद्धत आम्हाला वेगळी हवी आहे. जागेवर आला ह्यू क्वाटलबॉम, तो आत्तापर्यंत ऑफिसच्या बाजूने प्लेअर डेव्हलपमेंट बघत होता.

आणि त्यानंतर टीम सुधारली का? नाही हो. २०२१ ला मेट्सचं मारणं शेवटपर्यंत रडतच राहिलं, ऑगस्टमध्ये डिव्हिजनची आघाडी घालवली, सीझनअखेर क्वाटलबॉमलाही त्या जागेवर ठेवलं नाही. लिंडोर मात्र पुढच्या वर्षी सावरला, आधीच्या क्लीव्हलँडच्या दिवसांसारखा.

---

डेटा_दादा

म्हणजे तुझा मित्र जिंकला?

---

बोस्टनचा_बाळ्या

जिंकला कसा? कोच बदलून फरक पडला नाही याचा अर्थ काढायला नको होता एवढाच. फुकटची नोकरी कुठून झाली.

---

शेंगदाणा_चिक्की

माझं मत सांगू का, हिटिंग कोच टीमला सुधारत नाही. एखाद्या वर्षी एखाद्या पोराला सुधारतो. तेरा हिटर असतात, तेरा डोकी. त्यातल्या दोघांशी त्याचं जमतं, चौघं विनम्रपणे ऐकून घेतात आणि उरलेले हिवाळ्यात आपल्या प्रायव्हेट कोचकडे जाऊन आलेले असतात, ते याला सांगतात काय करायचं ते. पूर्वी उरलेले नव्हते. डेव्हिस दोन युगांच्या मधे सापडला. आणि काढायचं म्हटलं की ३४१ मिलियनच्या माणसाला काढता येत नाही, कोचला येतं. हिशोब साधा आहे.

---

हिरवट_म्हातारा

हे मात्र पटलं. तरी बॉण्ड्सबद्दल माझं मत तेच.

---

सिंपल_सई

सगळ्यांना धन्यवाद, आमच्या सेन्सरवाल्या सरांना या महिन्यापासून नाही सांगितलंय. मुलगा आता बाबाबरोबर बागेत टेनिस बॉलवर मारतो. शेजाऱ्यांची खिडकी वाचेल इतपत लाइन ड्राइव्ह मारायला कोणी शिकवेल का?

---

ठोंब्या

डॉनीला बोलवा.

---

तिरळा_पंच

एक राहिलं. १९९३ ला एंजल्स एका मॅचमध्ये इतके मार खात होते की डेव्हिसलाच पिचिंगला उभा केला. दोन इनिंग टाकल्या, एकही रन दिली नाही. एक बॅटर फक्त बॉल लागून बेसवर गेला, कोण माहितीये? होझे कान्सेको. लीगमधले सगळ्यात मोठे बाहू असलेला माणूस.

---

कांगालीगवाला

किंग्स्टनचा आहे म्हटल्यावर बॅट्समनला बॉल लागणारच.

---

आगाऊ_काकू

रविवारी जावई जेवायला येतोय. पेड्रोच्या त्या १७ स्ट्राइकआउटवाल्या रात्रीचं सांगू का त्याला, यँकीजवाल्याला राग तर नाही ना येणार?

---

बोस्टनचा_बाळ्या

काकू, अवश्य सांगा. आधी जेवू द्या.